कच्च्या कैदेचे दिवस किती वेळा मोजायचे?

समाजमाध्यमांवर सध्या फिरणारा एक संदेश असे सांगतो की, आरोपीने निकालापूर्वी दोन वर्षे तुरुंगात काढली असतील आणि न्यायालयाने त्याला तीन शिक्षा एकापाठोपाठ एक भोगायला सांगितल्या असतील, तर प्रत्येक शिक्षेतून दोन, म्हणजे एकूण सहा वर्षे ‘माफ’ होतात. दंड न भरल्याबद्दलची कैदही त्यातच भागते आणि जन्मठेप झालेल्याला मात्र यातले काहीच मिळत नाही.

आधी ‘माफ’ या शब्दाविषयी. माफी कैद्याच्या वर्तणुकीवर किंवा शासनाच्या आदेशावर अवलंबून असते, तर येथे प्रश्न वजावटीचा आहे आणि ती कायद्यानेच दिलेली आहे. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 428 आणि 1 जुलै 2024 पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतील कलम 468 यांनुसार, ‘त्याच प्रकरणाच्या’ तपासात, चौकशीत किंवा खटल्यात दोषसिद्धीपूर्वी भोगलेली कोठडी त्या दोषसिद्धीवर झालेल्या कारावासातून वजा होते.

सहा वर्षांचा हिशेब मात्र मुळातच चुकला आहे. समजा, एकाच खटल्यात तीन, दोन आणि दोन वर्षांच्या शिक्षा सलग झाल्या, तर बेरीज सात होते आणि त्यातून दोन वर्षे एकदाच वजा होऊन पाच उरतात. संदेशाचे गणित मानले, तर दोन-दोन वर्षांच्या तीन सलग शिक्षा झालेला माणूस निकालाच्या दिवशीच घरी जाईल आणि शिक्षा सलग ठेवण्याच्या आदेशाला काही अर्थच राहणार नाही. हा गैरसमज बहुधा एकत्रित शिक्षांवरून आला असावा: तिन्ही शिक्षा एकाच वेळी चालत असतील, तर तेच दिवस तिन्हींत मोजलेले दिसतात, पण कैद्याचा प्रत्यक्ष फायदा तेवढ्याच दिवसांचा असतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या दंडसंहितेत तर सलग शिक्षांसाठी कोठडीचा एक काळ एकदाच जमा धरावा, असे स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. आपल्या कलमात असे वाक्य नाही, तरी ज्या कारावासातून वजावट करायची तो सलग शिक्षांच्या बाबतीत एकूण कारावासच असतो, असे वाचणेच मला सयुक्तिक वाटते. शिक्षा सलग की एकत्रित, हे निकालपत्राच्या अंतिम आदेशात पाहावे. जुन्या संहितेच्या कलम 31 प्रमाणे न्यायालय काही न बोलल्यास त्या सलग ठरत, नव्या संहितेच्या कलम 25 प्रमाणे न्यायालयाने गुन्ह्यांचे गांभीर्य पाहून तसा आदेश द्यायचा आहे.

प्रकरणे वेगवेगळी असतील, तर संदेशाला थोडा आधार सापडतो. महाराष्ट्र शासन विरुद्ध नजाकत आलिया मुबारक अली या 2001 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने म्हटले की, कैदी त्या काळात दुसऱ्या प्रकरणातही तुरुंगात होता, एवढ्यावरून वजावट नाकारता येत नाही. परंतु पुढे अतुल मनुभाई पारेख प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की, एका खटल्यात दोषी ठरून भोगलेली शिक्षा दुसऱ्या खटल्यातील वजावट म्हणून मागता येणार नाही. प्रतिबंधक कायद्याखालील, म्हणजे खटल्याशिवाय खबरदारी म्हणून केलेली स्थानबद्धताही मोजली जात नाही, हे तर 1977 पासूनच ठरलेले आहे.

दंडाविषयीचा दावा कलमाच्या पहिल्याच ओळीत कोसळतो, कारण दंड न भरल्याबद्दलची कैद तेथे शब्दशः वगळलेली आहे.

जन्मठेपेबाबत संदेश जुन्या निकालावर थांबलेला दिसतो. जन्मठेपेच्या कैद्याला वजावट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाचे 1982 मधील मत त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने 1985 मध्ये भगीरथ प्रकरणात बदलले. पुढे 2005 च्या दुरुस्तीने असेही लिहिले गेले की, ज्यांना किमान चौदा वर्षे प्रत्यक्ष कारावास भोगणे बंधनकारक आहे, त्यांच्या त्या चौदा वर्षांतून खटल्यापूर्वीची कोठडी वजा करावी. सुटका मात्र तेवढ्याने आपोआप होत नाही. त्यासाठी शासनाचा शिक्षा कमी करण्याचा आदेश लागतोच.