थाई जेवण म्हणजे फक्त चॉपस्टिक्स नव्हे

थाई जेवणावरच्या तुमच्या लेखात तिथले लोक सगळं चॉपस्टिक्सनेच खातात असं सरसकट म्हटलंय, ते पटलं नाही. तिथे चॉपस्टिक्स लागतात त्या मुख्यतः नूडल्सच्या सूपला. भाताला उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा. काट्याने भात-रस्सा चमच्यावर लोटायचा आणि चमचाच तोंडात घालायचा. काट्याने भात खाणं तिथे बरं दिसत नाही. मांस, भाज्या आधीच लहान चिरलेल्या, म्हणून सुरी लागतच नाही. आणि ईशान्य थायलंडचा, म्हणजे ईसानचा चिकट भात राहूनच गेला की! बांबूच्या विणलेल्या डब्यातून थोडासा काढायचा, बोटांनी गोळा वळायचा आणि सोमतामच्या, म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीच्या, आंबट-तिखट रसात बुडवून खायचा. आपल्यासारख्या हाताने जेवणाऱ्यांना तर हे आवर्जून सांगायला हवं होतं. लेखात एवढी भर घालाच, ही विनंती.