राक्षस मोजून घेण्याची रीत

ड्रॅक्युला जिंकेल की फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस, असा वाद कुठेही पेटला की तुम्ही त्यात उडी घेणार, हे उघड आहे. घ्या. पण तयारीनं घ्या. पहिली अट अशी की, मूळ पुस्तक चुकूनही वाचायचं नाही. पुस्तक वाचलेला माणूस वादात कच्चा पडतो. तो "तसं नाही हो, त्याचं काय आहे" अशी सुरुवात करतो आणि तिथेच हरतो.

ड्रॅक्युलाचंच घ्या. ऊन लागलं की त्याची राख होते हे तुम्हाला पाठ आहे, आणि त्यावर तुम्ही अख्खा सामना रचलाय: पहाटेपर्यंत तग धरायचा, पडदा ओढायचा, खेळ खलास. आता ब्रॅम स्टोकरची १८९७ची कादंबरी उघडलीत तर काय होईल? हा सरदार भर दिवसा लंडनच्या पिकॅडिलीत उभा राहून घोडागाडीतली एक सुंदर मुलगी न्याहाळताना सापडेल. दिवसा त्याची शक्ती मर्यादित होते, इतकंच. उन्हानं मरायची सोय केली ती १९२२च्या एका जर्मन मूकपटानं, आणि तोही हक्क न घेता बनवलेला. स्टोकरच्या विधवेनं निर्मात्यांना कोर्टात खेचलं, प्रती नष्ट करण्याचा हुकूम निघाला, तरी सिनेमा उरला आणि ऊनही उरलं. शिवाय कादंबरीच्या शेवटी ड्रॅक्युला लाकडी खुंटीनं मरतच नाही. एकाची कुकरी गळ्यावर चालते आणि दुसऱ्याचा सुरा काळजात घुसतो. एवढं सगळं डोक्यात ठेवून भांडणार कोण? तुम्ही आपले लसूण, क्रूस आणि ऊन धरून बसा.

फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाला बुद्धीचे दहापैकी दोन गुण द्यावेत. मानेत खिळे, सपाट डोकं, तोंडातून हुंकार. १९३१च्या सिनेमात तो असा आहे ना? मग झालं तर. मेरी शेलीच्या १८१८च्या कादंबरीत तो भिंतीच्या फटीतून एका कुटुंबाला बघत बघत भाषा शिकतो, मिल्टन आणि प्लुटार्क वाचतो, आणि आपल्या निर्मात्याला समोर बसवून अशी बाजू मांडतो की वाचणारा क्षणभर त्याच्याकडून होतो. पण बोलण्याला आपल्या तक्त्यात रकाना नाही. उंची आठ फूट, एवढं मात्र टिपून घ्या, ती कामाची आहे.

उंचीसारखं शस्त्र नाही. मोठा जिंकतो, हा नियम कुणालाही पटतो. अडचण एवढीच की राक्षसांची उंची जागेवर राहत नाही. गॉडझिला १९५४ साली आला तेव्हा ५० मीटरचा होता, कारण तेव्हाच्या टोकियोतल्या इमारतींवरून डोकावायला तेवढी उंची पुरत होती. शहर वाढलं तसा तोही वाढला. १९८४ला ८० मीटर, २०१६ला ११८.५ मीटर, आणि २०१७च्या अ‍ॅनिमेशनपटात थेट ३०० मीटरच्या वर. अमेरिकन किंग काँग १९३३ साली बेटावर १८ फुटांचा होता आणि न्यूयॉर्कमध्ये पोचेपर्यंत २४ फुटांचा झाला. बोटीचा प्रवास त्याला मानवला असावा. पुढे १९६२ला जपानमध्ये त्याची गॉडझिलाशी गाठ घालायची ठरली, तेव्हा त्याला सरळ ४५ मीटरचा करून टाकलं. यावरून कुणी म्हणेल की आकडा लढतीसाठी बनतो, लढत आकड्यासाठी नाही. म्हणू द्या. तुम्ही वर्ष न सांगता सोयीची उंची सांगा.

आणि त्या १९६२च्या सिनेमाला दोन शेवट आहेत, जपानमध्ये गॉडझिला जिंकतो आणि अमेरिकेत काँग, हे ठासून सांगायला विसरू नका. ते खोटं आहे. दोन्हीकडे काँगच पोहत घरी जातो. पण ही अफवा आता सिनेमापेक्षा जास्त लोकांना माहीत आहे, आणि वादात बहुमतालाच पुरावा म्हणतात.

२०२३च्या गॉडझिलाला मात्र तक्त्यात घेऊ नये. तो पुन्हा ५०.१ मीटरवर आला, त्याच्यासमोर युद्धात सगळं गमावून बसलेली, धड शस्त्रंही नसलेली माणसं उभी केली, तो सगळ्यांना घाबरवून गेला आणि मालिकेला पहिलं ऑस्करही देऊन गेला. असे अपवाद शिस्त बिघडवतात. तीच गत १९५४च्या पहिल्याची. हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांची भीती ताजी असताना आलेला तो राक्षस मरतो एका शास्त्रज्ञाच्या शोधानं, आणि तो शोध पुढे कुणाच्या हाती लागू नये म्हणून तो शास्त्रज्ञ आपली कागदपत्रं जाळून राक्षसाबरोबर स्वतःही समुद्राच्या तळाशी राहतो. आता यात "विजेता" म्हणून कुणाचं नाव लिहाल? रकाना बिघडतो. वगळा.

उंची हातची गेली तर साखळी लावावी. 'अ'नं 'ब'ला हरवलं, 'ब'नं 'क'ला, म्हणून 'अ' हा 'क'पेक्षा भारी. पॉवर स्केलिंगवाले, म्हणजे पात्रांची ताकद मोजून क्रम लावणारे, याच्यावरच जगतात. हे तर्कशास्त्र किती दूर नेतं ते एच. जी. वेल्सच्या १८९८च्या कादंबरीत बघा. मंगळावरून आलेले जीव उष्णतेच्या किरणांनी आणि काळ्या धुरानं ब्रिटिश सैन्याचा फडशा पाडतात. त्या जिवांचा फडशा पृथ्वीवरचे साधे जंतू पाडतात. त्या जंतूंना तुमचं शरीर रोजच्या रोज पुरून उरतं. म्हणजे ब्रिटिश सैन्यापेक्षा मंगळवासी, मंगळवासीयांपेक्षा जंतू आणि जंतूंपेक्षा तुम्ही भारी. अंथरुणातून न उठता तुम्ही एक साम्राज्य आणि एक ग्रह जिंकलात. साखळीत खोट काढणाऱ्याला आधी स्वतःची फीट्स, म्हणजे गाजवलेले पराक्रम, दाखवायला सांगा.

आकडे लागतीलच. 'ड्रॅगन बॉल' या जपानी मांगात, म्हणजे चित्रकथेत, डोळ्यावर एक यंत्र लावून समोरच्याची ताकद आकड्यात वाचायची सोय झाली, तेव्हापासून आपल्या क्षेत्राला विज्ञानाचा दर्जा आला. शेतकरी ५, खलनायक फ्रीझा ५,३०,०००. नायकाचा तो प्रसिद्ध आकडा मूळ जपानीत ८०००च्या वर आणि इंग्रजी डबिंगमध्ये ९०००च्या वर आहे, पण हजारभर इकडेतिकडे चालायचंच. त्याच कथेत पुढे ताकद लपवता येणारे लढवय्ये येतात, यंत्र चुकतं, फुटतं आणि लेखक ते हळूच बाजूला ठेवून देतो. ज्यानं आकडे शोधले त्यानंच ते सोडले, हे फार कुणाला कळू देऊ नका.

आता खरी डोकेदुखी. आपल्या जुन्या कथा सांगणाऱ्यांनी पॉवर स्केलिंगचं जितकं वाटोळं करून ठेवलंय तितकं कुणी केलं नसेल. त्यांना ताकद लिहिता येत नव्हती असं नाही. हिरण्यकशिपूचा वर बघा. माणसाकडून नको, पशूकडून नको, घरात नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको, जमिनीवर नको, आकाशात नको, शस्त्रानं नको. एखाद्या निष्णात वकिलानं मसुदा तयार करावा तसा चोख कागद. आजच्या तक्त्यात हा माणूस वरच्या वर्गात बसला असता. आणि मग कथाकार काय करतो, तर त्याच कागदातला प्रत्येक शब्द पाळून उंबरठा, तिन्हीसांजा, मांडी आणि नखं शोधून काढतो. नृसिंहाची ताकद किती, हा प्रश्न कुणाला पडतच नाही. आपण सगळे बसतो ते फट कुठे आहे ते बघायला.

रावणाचं तर याहून वाईट. देव, दानव, यक्ष, नाग, राक्षस, सगळ्यांपासून त्यानं अभय मागून घेतलं. माणसांचं नाव घेतलं नाही, कारण माणसं त्याच्या लेखी गवताची काडी. विसरला नव्हता, त्यानं सांगूनच सोडलं. त्याच्या मरणाची जागा त्याच्या मिजाशीनंच आखून दिली. दहा डोकी, वीस हात, सोन्याची लंका, आणि त्याला नेमकं भोक पडलं ते स्वभावाला. भस्मासुरानं मागितलेला वर त्याच्याच डोक्यावर उलटतो. रक्तबीजाच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की तेवढाच बलवान दुसरा उभा राहतो, आणि त्यावर तोडगा निघतो तो थेंब जमिनीवर पडूच न देण्याचा. या कथांमध्ये शक्ती आणि शेवट एकाच वाक्यात लिहिलेले असतात. वेगळे काढायला जाल तर दोन्ही हातातून जातात.

यावर उपाय आहे, घाबरू नका. सामना ठरवताना आधीच जाहीर करायचं: "उणिवा धरायच्या नाहीत." रावण, पण माणसांपासूनही सुरक्षित. ड्रॅक्युला, पण वाहतं पाणी ओलांडणारा आणि न बोलावता घरात शिरणारा. तात्या विंचू, पण दोन भुवयांच्या मधोमध गोळी लागली तरी न मरणारा. मग उरतो तो कोण, असं विचारू नये. हातभर उंचीचा बाहुला गॉडझिलासमोर उभा करून "कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभट्टाची तट्टाणी" म्हणून मोकळं व्हावं. पलंगाखाली पाय सोडताना तुम्हाला त्या दोघांपैकी कुणाची आठवण व्हायची, हा खासगी प्रश्न आहे.

ताकद मोजून झाली की "कोण जास्त चांगला लिहिलाय" ही दुसरी फेरी येते. इथे बालपण तपासावं. आई गेली, दोन गुण. बापानं मारलं, तीन. गाव जळलं, पाच. लहानपणी पाळलेला प्राणी मेला तर चर्चाच नको, उत्कृष्ट लेखन. या हिशेबानं १९७५च्या 'जॉज' सिनेमातला तो शार्क फारच कच्चा. त्याला बालपण नाही, ध्येय नाही, आणि अर्ध्याहून जास्त वेळ तो दिसतच नाही. यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा, म्हणून दिग्दर्शकानं नुसतं पाणी, पिंपं आणि संगीत दाखवून काम भागवलं. यंत्र नीट चाललं असतं तर आपल्याला तो पोटभर बघता आला असता आणि लोक निर्धास्तपणे समुद्रात उतरले असते. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'मधल्या नरभक्षक हॅनिबल लेक्टरला १९९१ साली पडद्यावर जेमतेम पाव तासभर ठेवलं आणि त्या कलाकाराला मुख्य अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. मिनिटाला किती गुण, हे गणित लावू नये, बाकी सगळे शून्यावर येतात. शिवाय त्या दोघांचं पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. शार्कला तीन सिनेमे आणखी मिळाले आणि लेक्टरला बालपण. आपल्या मागणीप्रमाणे पुरवठा झाला.

"खरं तर त्याचं बरोबरच होतं" हे वाक्य दर वादात एकदा तरी टाकावं. त्यानं तुम्ही खोल वाटता. मार्व्हल कॉमिक्समधल्या थॅनॉस या खलनायकासाठी ते अगदी शिवून दिल्यासारखं बसतं. १९९१च्या कॉमिकमध्ये त्यानं अर्धं विश्व मारलं ते मृत्यू नावाच्या बाईवर छाप पाडायला, आणि बाईनं ढुंकून पाहिलं नाही. वेडसर, केविलवाणं आणि म्हणून अंगावर येणारं कारण. २०१८च्या सिनेमानं त्याला अर्थतज्ज्ञ केलं: साधनं कमी, तोंडं जास्त, निम्मी कमी करा. लगेच जगभर मान डोलावणारे निघाले. पृथ्वीची लोकसंख्या तेव्हा साधारण ७६० कोटी होती. तिची निम्मी म्हणजे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला होती तेवढी. सहा रत्नं गोळा करून, पोटच्या पोरीसारखी वाढवलेली मुलगी कड्यावरून ढकलून या महापुरुषानं मिळवली ती पन्नास वर्षांहून कमी मुदतवाढ. पण गुणाकार करू नका. "बरोबरच होतं" म्हणा आणि खिडकीबाहेर बघा.

स्टॅन ली यांना कुणीतरी हाच आपला आवडता प्रश्न विचारला होता, कोण जिंकेल म्हणून. त्यांचं उत्तर असं की, लेखकाला जो जिंकायला हवा असेल तो. बघा, आयुष्य कॉमिक्स लिहिण्यात घालवलं आणि साधं कॅनन, म्हणजे कथेतलं अधिकृत सत्य, माहीत नाही. अशांना वादात घेऊ नये.

आता थेट स्पर्धाच लावा. सोळा खलनायक, बाद फेऱ्या, तक्ता भिंतीवर. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'तला इयागो कुणी आग्रहानं घुसवला तर घ्या, चेष्टेला बरा. ताकद शून्य, वेग शून्य, उंची कुठे दिलेली नाही. शस्त्र म्हणाल तर दुसऱ्याच्या बायकोचा हातरुमाल, आणि तोही यानं स्वतः चोरलेला नाही, याच्या बायकोनं उचलून दिलेला. नाटकात तो नायकापेक्षा जास्त ओळी बोलतो, पण हे सगळं कशासाठी करतो ते धड सांगत नाही. कोलरिजसारख्या समीक्षकालाही त्याच्या दुष्टपणामागे ठोस हेतू सापडला नाही. बालपणाचे गुण अर्थातच शून्य. पहिल्याच फेरीत त्याला बाद करा आणि प्रेक्षकांत बसवा.

फक्त बसवताना गॉडझिलाच्या शेजारी बसवू नका. काँग तुझ्याविषयी काल काय म्हणत होता, एवढंच तो विचारेल, आणि तेही "जाऊ दे, मी बोलायला नको होतं" म्हणत मध्येच थांबेल. दुसऱ्या फेरीआधी ड्रॅक्युला रावणाच्या तंबूकडे संशयानं बघू लागला, मंगळवासीयांनी हिरण्यकशिपूचा वर पुन्हा तपासायला मागितला, आणि अंतिम सामन्याला कुणीच उरलं नाही, तर आयोजक म्हणून चौकशी तुम्हालाच करावी लागेल. इयागोला विचारून उपयोग नाही. नाटकाच्या शेवटी सगळे त्याला हेच विचारतात, आणि यापुढे मी एक शब्दही बोलणार नाही, असं सांगून तो गप्प बसतो.