यग्नोबी माणसांचा धर्म कोणता? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ताजिकिस्तानातल्या यग्नोब खोऱ्यावरच्या आणि तिथल्या यग्नोबी लोकांवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतोय. तुमचे आक्षेप तीन. एक, ही माणसं मुळात अग्निपूजक, मुंबईच्या पारशांचे हरवलेले भाऊबंद. त्यांचा इस्लाम हा वरवरचा मुलामा आहे आणि मी ते लपवलं. दोन, १९७० साली सोव्हिएत सरकारने त्यांना हिमस्खलनापासून वाचवलं, शाळा-दवाखाने दिले, आणि मी त्याला अत्याचार म्हणालो. तीन, लेखाचं नाव बदलून 'शेवटचे अग्निपूजक' असं ठेवावं.

आधी श्रद्धेचं बोलू. यग्नोबी लोक सुन्नी मुसलमान आहेत. पिढ्यान्‌पिढ्या आहेत. नमाज, रोजे, दफनविधी सगळं त्यांचं स्वतःचं आहे, कोणी काल येऊन लादलेलं नाही. त्याच्या जोडीला नवरोज आहे, पीरांच्या मजारी आहेत, दृष्ट लागू नये म्हणून इस्पंद या रानवनस्पतीच्या बियांची धुरी आहे, चुलीतल्या आगीबद्दलचा आदर आहे. यातलं बरंचसं ताजिकिस्तानच्या डोंगराळ भागात सगळीकडेच आढळतं. यात जुन्या काळाचे धागे आहेत हे मलाही मान्य आहे. पण त्यावरून 'खरा धर्म वेगळाच' हा निष्कर्ष कसा निघतो? वसईकडच्या ख्रिस्ती लग्नात उंबराचं पाणी आणतात, म्हणून त्या घरातल्या माणसांना 'तुम्ही खरे ख्रिस्ती नाही' असं आपण तोंडावर सांगत नाही. यग्नोबी दूर आहेत, आपलं मराठी वाचत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल तसं बोलायला आपण मोकळे होतो का?

आता पारशांशी नातं. नातं आहे, पण चुलत घराण्याचं. पारशांचे पूर्वज इराणातून आले. यग्नोबी ही पूर्व इराणी भाषा. समरकंद, पंजकेंट या मध्य आशियातल्या शहरांच्या सोग्दी लोकांच्या, म्हणजे तिथल्या प्राचीन व्यापारी समाजाच्या, भाषेशी तिची नाळ जुळते. तीही समरकंदच्या लिखित सोग्दीची थेट लेक नव्हे, शेजारच्या एखाद्या बोलीची. आणि त्या सोग्दींचा जुना धर्म आपल्याला माहीत असलेल्या आग्यारीच्या चौकटीत बसत नाही. पंजकेंटच्या घरांच्या भिंतींवर चितारलेली नाना देवी सिंहावर बसलेली आहे, चार हातांची, दोन हातांत सूर्य आणि चंद्र. वेशपर्कर नावाचा त्यांचा वाऱ्याचा देव तीन तोंडांचा आहे. सोग्दीत उतरवलेल्या बौद्ध ग्रंथांत महादेवाच्या जागी त्याचंच नाव येतं आणि ब्रह्मदेवाच्या जागी झुर्वान. शिवाय याच सोग्दी व्यापाऱ्यांत बौद्ध होते, मानी या इराणी धर्मसंस्थापकाचे अनुयायी होते, ख्रिस्तीही होते. म्हणजे 'मूळ धर्म' शोधत मागे जायचंच ठरवलं, तरी तिथे एकच एक शुद्ध अग्निपूजा हाती लागत नाही. मला तर ही गोष्ट तुमच्या कथेपेक्षा कितीतरी श्रीमंत वाटते.

तुम्ही देवाश्तिचचं उदाहरण दिलंत: अरबांपुढे न झुकलेला पंजकेंटचा शेवटचा राजा. ७२२ मध्ये तो मुग डोंगरावरच्या गढीत वेढला गेला, पकडला गेला, मारला गेला, इथपर्यंत बरोबर. पण त्याच गढीतून निघालेले कागद जरूर पाहा. १९३२ मध्ये एका मेंढपाळाला तिथे टोपलीभर जुनं लिखाण सापडलं आणि पुढच्या वर्षी रीतसर उत्खनन झालं. बहुतेक कागदपत्रं सोग्दी, पण त्यात एक चामड्यावर लिहिलेलं अरबी पत्र होतं, ते अरबीचे रशियन अभ्यासक क्राचकोव्स्की यांनी वाचलं. हे पत्र देवाश्तिचनेच अरब सुभेदार अल-जर्राहला धाडलं होतं. सुरुवात अल्लाच्या नावाने. पुढे तो स्वतःला सुभेदाराचा 'मौला', म्हणजे आश्रित, म्हणवतो आणि समरकंदचा राजा तरखून याच्या दोन मुलांना बोलावून घ्यावं असं सुचवतो. हाच माणूस काही वर्षांतच अरबांविरुद्ध उभा राहिला. तो मनाने मुसलमान होता की केवळ राजकारणी, हे पत्रावरून ठरत नाही. पण 'एका बाजूला अग्निपूजक, दुसऱ्या बाजूला आक्रमक' अशी सरळ रेघ त्याच्या हयातीतही नव्हती, एवढं तरी ते चामडं सांगतंच.

दुसऱ्या आक्षेपाने मला जास्त त्रास झाला. हिस्सार आणि झरफशान या दोन रांगांमधलं हे खोरं अडीच हजार मीटरच्या आसपास आणि त्याहून वर आहे, आणि हिवाळ्यात महिनोन्‌महिने बंद असतं. हिमकडे कोसळतात, माणसं मरतात, दवाखाना नाही, हे सगळं खरं. पण मग एक सांगा. धोका हिमकड्यांचा होता, तर धोक्यातली गावं जवळच खाली फानदर्या नदीच्या काठी का नाही वसवली? उतारावरचं गाव आणि सुरक्षित गाव असा फरक न करता अख्खं खोरं का रिकामं केलं? माणसं हेलिकॉप्टरमध्ये घालून नेली ती झफरोबोदला, उन्हाळ्यात चाळीस अंशांवर जाणाऱ्या सपाट माळरानावर, जिथे नव्या कालव्यांच्या पाण्यावर कापूस लावला होता आणि वेचायला हात कमी पडत होते. गहू-जव पिकवणारी, शेळ्यामेंढ्या राखणारी, शेणाच्या गोवऱ्यांवर थंडी काढणारी माणसं एका फटक्यात कापूसमजूर झाली. उष्म्याने आणि आजारांनी कितीतरी जण दगावले. मागे गावं मोडली गेली, नकाशांवरून त्यांची नावं गेली. जीव वाचवायला नेलं असतं, तर परत जाणाऱ्यांना अडवायचं कारण काय होतं? तरीही १९८०च्या दशकात काही कुटुंबं परतलीच आणि पडक्या भिंतींवर पुन्हा छपरं चढली.

शाळांचा मुद्दा घ्या. झफरोबोदला शाळा मिळाली, ती ताजिक भाषेतली. जनगणनेतही यग्नोबींना ताजिकांतच मोजायचा प्रघात होता. आपली भाषा वेगळी आहे याची दखल ताजिकिस्तानच्या कायद्यात यायला १९८९ उजाडलं. त्या वर्षीच्या भाषा कायद्यात पामीरच्या भाषांसोबत यग्नोबीचं नाव आलं. आज यग्नोबी बोलणारे बहुतेक लोक खोऱ्याबाहेरच राहतात, आणि खोऱ्यात काही शेच उरलेत. जे खालीच राहिले, मुलांना शिकवून नोकरीला लावलं, त्यांना मी कमअस्सल मानत नाही. त्यांनी निवड केली असेल. पण १९७० साली त्यांना कोणी निवड दिली नव्हती, आणि माझा राग त्याबद्दल आहे. तो लेखातही होता, इथेही आहे.

राहिलं शीर्षक. ते बदलणार नाही. 'शेवटचे अग्निपूजक' या नावाखाली वाचक येतील भरपूर, पण पिस्कोन किंवा बिदेव गावातल्या माणसाने ते वाचलं, तर त्याला स्वतःची ओळख त्यात सापडणार नाही.