आधी डबे, मग इंजिन

माळ्यावरची माझी रेल्वे बघून परवा भाच्याने विचारलं, "मामा, वंदे भारत कुठंय?" म्हटलं, बाबा रे, सोळा डब्यांची वंदे भारत 1:87 मापात (खऱ्याच्या 87 पट लहान) जवळपास साडेचार मीटर भरते. आपली फळी अडीच मीटरची. पुढचं टोक स्टेशनात आणि मागचं जिन्यावर, असं चालेल का?

मॉडेल रेल्वेवाले आपण बहुतेक जण इथेच घसरतो. आधी मनात भरलेलं इंजिन घ्यायचं, मग त्याला शोभतील असे लांब डबे आणि शेवटी ते वळणावर का घासतात म्हणून कपाळाला हात. ब्रँच लाइन (मुख्य मार्गाला फुटलेला छोटा फाटा) करायची तर माझं म्हणणं उलटं आहे. आधी प्लॅटफॉर्म मोजा, त्यावर मावतील तेवढेच डबे ठरवा आणि ते चढावर ओढेल ते इंजिन घरी आणा.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. पहिल्यांदा मी सहा ॲक्सलचं दणकट डिझेल आणलं, मागे आयसीएफचे, म्हणजे जुन्या निळ्या गाड्यांचे डबे. या मापात एकेक डबा साडेचोवीस सेंटीमीटरचा आणि माझं वळण 36 सेंटीमीटर त्रिज्येचं. डब्याचं पोट आत झुकायचं, कोपरे बाहेर. सनबोर्डच्या प्लॅटफॉर्मच्या कडेला त्या कोपऱ्याने ओढलेली निळी रेघ अजून आहे. मी मुद्दाम पुसलेली नाही. (शिवाय 16.5 मिमीचे रूळ या मापात 1435 मिमीच्या गेजचे, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचे. आपली 1676 ची ब्रॉडगेज त्यांवर बसतच नाही, पण ती रड वेगळी.)

मग इंदूरकराने करावं तेच केलं, छोट्या लाइनवर, म्हणजे मीटरगेजवर आलो. तशी महू–खंडवा ही काही जन्माने ब्रँच नव्हे. जयपूरहून निघालेली मीनाक्षी एक्सप्रेस इंदूर, खंडवा, अकोला करत दक्षिणेत जायची. पुढे गेज बदलत गेला, दोन्ही टोकं तुटली आणि मधला तुकडा ब्रँचसारखा उरला. मला तोच हवा होता: पातालपाणी, कालाकुंड ही घाटातली स्टेशनं, मोजक्या डब्यांची पॅसेंजर आणि पळसाच्या पानातलं कलाकंद.

मीटरगेज 1:87 ला साडेअकरा मिमी पडते, त्यामुळे 12 मिमीचे रूळ चालतात. गंमत म्हणजे 1:120 ची टीटी मॉडेलंही 12 मिमीवरच धावतात. म्हणून टीटीच्या एका डिझेलची चाकं-मोटर घेतली आणि वर वायडीएम-4 या मीटरगेज डिझेल इंजिनाची थ्रीडी प्रिंट केलेली बॉडी चढवली. वाफेवरची वायपी देखणी, कबूल. पण वाफेचं इंजिन टेंडरसकट वळवायला टर्नटेबल हवं, ते कुठे मांडू? वायडीएम-4 ला कॅब एकच, तरी दोन्हीकडे सारखीच पळते. शेजारच्या लूप रुळावरून गाडीच्या दुसऱ्या टोकाला आणून जोडली की झालं.

डबे मात्र हाताने केले. तीन निळे, एक जुना तांबडा. खिडक्यांच्या आडव्या सळ्या स्टेपलरच्या पिनांच्या आहेत. बायको म्हणते, ऑफिसचं सामान घरी आणायची ही नवी तऱ्हा.

घाटाचा खरा चढ चाळीसला एक. मीही तोच ठेवला, मीटरला अडीच सेंटीमीटर. तीन डबे आरामात वर जातात, चौथा लावला की चाकं जागच्या जागी फिरतात. डबे हलके करावेत तर ते सांध्यावर उडतात. खऱ्या घाटात मागून बँकर, म्हणजे जादाचं इंजिन ढकलायचं, म्हणून हौसेने दुसरं इंजिन मागे लावलं. त्याची मोटर पुढच्यापेक्षा जरा जास्तच पळणारी निघाली. वळणावर तिसरा डबा कमानीसारखा वर उचलला गेला आणि थेट फरशीवर. नऊ पिना निखळल्या.

आता गाडी तीन डब्यांचीच. चौथा, तो तांबडा, कालाकुंडच्या सायडिंगला, बाजूच्या रुळावर उभा आहे. भाचा म्हणतो, त्यालाच पांढरा-निळा रंग देऊ. अजून हो म्हटलेलं नाही.