आत्याने फ्रिजचा स्टॅबिलायझर काढला, म्हणून लिहितोय

"नासाने अंतराळयानासाठी शोधलेलं तंत्रज्ञान आता तुमच्या घरच्या प्लगमध्ये! वाया जाणारी वीज परत वापरात, बिल ४० टक्के कमी, व्होल्टेज स्थिर, स्टॅबिलायझरची गरज नाही." हा मेसेज तुमच्याही सोसायटीच्या ग्रुपवर आला असेल. आमच्या कळव्याच्या आत्याकडे आला आणि तिने दोन पीस मागवले, एक स्वतःला एक माझ्या आईला, आणि त्यात लिहिलंय म्हणून फ्रिजचा स्टॅबिलायझर काढून माळ्यावर टाकला. मी रबाळ्याला पॉवर सप्लायच्या टेस्टिंगमध्ये काम करतो, त्यामुळे खरंच राग आलाय.

आईचा पीस मी उघडला. आत एक कपॅसिटर (चार्ज साठवणारा पार्ट), एक एलईडी, ती पेटवायला दोनचार पार्ट, एवढंच.

आधी स्टॅबिलायझरचं बोलतो कारण नुकसान तिथे होणार आहे. त्यात टॅप काढलेला, म्हणजे वेगवेगळ्या व्होल्टेजची टोकं दिलेला ट्रान्सफॉर्मर असतो, व्होल्टेज पडलं की रिले हा आपोआप चालणारा स्विच टॅप बदलतो आणि फ्रिजला पुरेसं व्होल्टेज जातं. नुसता कपॅसिटर हे करू शकत नाही, लाइनला १७० व्होल्ट आलं तर हा डबा लावूनही १७० च्या आसपासच राहणार, कॉम्प्रेसर सुरू व्हायला धडपडणार आणि वाइंडिंग तापणार. दुसरं म्हणजे प्लग काढल्यावर कपॅसिटरमधला चार्ज उतरवायला एक रेझिस्टर लागतो, तो ह्यात नाहीच, आणि एलईडीची वाट दुसऱ्या छोट्या कपॅसिटरमधून असल्याने तिकडूनही उतरत नाही. आपल्या २३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्ट असतं, नेमक्या त्या क्षणी प्लग उपटला तर तेवढं व्होल्टेज उघड्या पिनांवर बसून राहतं. आत्याचा नातू चार वर्षांचा आहे, हाताला येईल ते उचलतो.

आता बिल. व्हिडिओत जुन्या मोटरच्या वायरवर क्लॅम्प मीटर लावून दाखवतात, डबा लावला की अँपिअर उतरतात, ते खोटं नाहीये, पण घरच्या वीजमीटरचं रीडिंग नुसत्या अँपिअरवर चालत नाही. समजा मोटर २३० व्होल्टला २ अँपिअर घेते आणि पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी खरं कामाला येणारा हिस्सा) ०.६ आहे, म्हणजे २७६ वॉट. कपॅसिटरने पॉवर फॅक्टर ०.९५ केला की करंट सव्वा अँपिअरवर येतो, वॉट मात्र २७६ च. जो करंट उतरला तो मोटर आणि लाइन यांच्यात नुसता येजा करत होता, घरगुती मीटर त्याचे युनिट मोजतच नाही, मग वाचणार काय? अमेरिकेतल्या एनआयएसटी ह्या मोजमापाच्या सरकारी संस्थेची २००९ ची टेक्निकल नोट १६५४ नेमकी ह्याच विषयावर आहे, घरगुती ग्राहकाचं बिल अशा उपकरणाने लक्षात येण्याइतकं कमी होत नाही हाच तिचा निष्कर्ष. कारखान्याची गोष्ट वेगळी, महावितरण एचटी म्हणजे उच्च दाबाच्या ग्राहकांना २०२० पासून केव्हीएएचवर बिल लावतं, त्यात हा येजा करणारा करंटही धरला जातो, म्हणून आमच्या एमआयडीसीत कपॅसिटर पॅनल लावतात आणि तिथे पैसे खरंच वाचतात.

नासाचं नाव अगदीच हवेतून आलेलं नाही, हे मान्य करावं लागेल. नासाच्या मार्शल केंद्रातल्या फ्रँक नोला ह्या इंजिनिअरला १९७७ मध्ये पॉवर फॅक्टर कंट्रोलरचं पेटंट मिळालं. पण ते सर्किट मोटरच्या सिरीजमध्ये, म्हणजे मोटरकडे जाणाऱ्या वायरच्या वाटेतच बसतं आणि लोड कमी असला की मोटरचं व्होल्टेज उतरवतं, शेजारच्या सॉकेटमध्ये खोचलेल्या कपॅसिटरचा त्याच्याशी काही संबंध नाही. आणि अंतराळयान म्हणाल तर स्पेस स्टेशनवर वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी फिरते, सोलर पॅनलकडून १६० व्होल्टच्या आसपास येते आणि कन्व्हर्टर ती १२४ च्या आसपास आणून पुढे देतात. डीसीत हा पॉवर फॅक्टरचा प्रश्नच नसतो!

आत्या, स्टॅबिलायझर आजच माळ्यावरून काढून परत लाव. डब्याचं बटण बंद कर पण प्लग उपटू नकोस, रविवारी मी येऊन काढतो, तोपर्यंत पोराला त्या सॉकेटपाशी जाऊ देऊ नकोस.