कुणाचा रे तू?

दहा-अकरा वर्षांच्या पोरांनी अधूनमधून घरातून सटकावं, भटकावं आणि दिवेलागणीला खरचटलेले गुडघे घेऊन परत यावं, असं मला मनापासून वाटतं. परवा चार पालकांत बसून हे बोललो, तर सगळे एका सुरात म्हणाले, "आता ते दिवस राहिले नाहीत." का राहिले नाहीत, यावर मात्र कुणी काही बोललं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मी जुन्या नाशकातला, तिवंध्याजवळच्या वाड्यात वाढलो. सराफ बाजाराच्या उतारावरून धावत सुटलं की थेट नदीकाठी, पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीपाशी. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणायचो. "गंगेवर जाऊन येतो" एवढं ओरडून सांगितलं की परवानगी मिळाली असं आम्हीच ठरवायचो.

गंगेवर आमचा सगळ्यात मोठा उद्योग नाण्यांचा. रामकुंडावर देशभरातून माणसं अस्थी घेऊन येतात, पिंडदान करतात आणि पाण्यात पैसे सोडतात. पट्टीची पोहणारी पोरं बुडी मारून ते वर काढायची. आम्हाला तेवढा दम नव्हता. मग मोडक्या रेडिओच्या स्पीकरचं लोहचुंबक सुतळीला बांधायचं आणि पायरीच्या कडेकडेने सावकाश ओढत न्यायचं. 1988 पासून दहा पैसे, चाराणे, आठाणे यांची स्टीलची नाणी निघाली होती, ती चुंबकाला टपकन चिकटत. जुनी ॲल्युमिनियमची हलकी नाणी डोळ्यांसमोर पडलेली असायची, पण ती काही येत नसत. विज्ञानाच्या तासाला चुंबकाचा धडा आला तेव्हा कोणता धातू चिकटतो आणि कोणता नाही, हे आमच्या टोळीला आधीच पाठ होतं.

या उद्योगात हमखास एक हाक यायची. घाटावर विधी सांगत बसलेले एक गुरुजी मंत्र मध्येच थांबवून ओरडायचे, "ए, कुणाचा रे तू?" वडिलांचं नाव सांगितलं की आमच्या आधी बातमी घरी पोचणार हे पक्कं. पण त्याच दमात ते म्हणायचे, "त्या फुटक्या पायरीच्या पुढे एकदम खोल आहे. तिकडे पाय टाकलास तर तंगडं मोडून हातात देईन." पुढे पोहायला लागल्यावरही त्या पायरीपलीकडे आमच्यातला कुणी गेला नाही. शेवाळ कुठे आहे, ओढ कुठे आहे, गांधी तलावात उडी कुठून मारायची, हे आम्हाला कुणी शिकवणी लावून शिकवलं नाही. ज्यांचं आमच्याशी काही नातं नव्हतं, त्यांच्या रागावण्यातून ते कळत गेलं.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गावभर एकच चौकशी: मारुतीच्या कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. नाशिककर पूर अजूनही असाच मोजतात. आम्ही शाळेतून परस्पर पळायचो आणि दरवेळी कुणीतरी भाजीवाली मावशी नाहीतर पोलीसमामा मानगूट धरून वर आणून सोडायचा. फटका पडायचा तो वेगळा. त्याची तक्रार घेऊन कुणाचेही आईवडील भांडायला गेल्याचं मला आठवत नाही.

आणि रंगपंचमीला तर गावच आम्हाला खोड्या करायला बोलवायचं. पेशवेकाळापासूनच्या रहाडी, म्हणजे जमिनीतले मोठे हौद, वर्षभर लाकडी ओंडके आणि माती टाकून बुजवलेल्या असतात. सणाआधी त्या उघडायच्या, पूजा करायची, पाण्यात रंग कालवायचा आणि मग दिवसभर धप्पे, म्हणजे त्या पाण्यात धपाधप उड्या. पहिल्यांदा काठावर उभा होतो तेव्हा पोटात गोळा आला होता. गल्लीतल्या एका दादाने फक्त "नाक धर आणि पाय जवळ घे" एवढं सांगितलं आणि ढकललं.

त्याहून मोठी मोहीम पांडवलेण्यांची. उन्हाळ्याच्या सुट्टीत तासाच्या भाड्याने सायकली घ्यायच्या आणि मुंबई-आग्रा रस्त्याने निघायचं. मोठ्या सायकलवर सीटवर बूड टेकत नसे, म्हणून नळीखालून पाय घालून कैची मारत. गावापासून 8-9 किलोमीटर. वर पोचेपर्यंत घसा कोरडा पडलेला. तिसऱ्या क्रमांकाचं लेणं आमचं लाडकं, कारण त्याच्या व्हरांड्याच्या तळाशी सहा दणकट यक्ष आहेत. अर्धे जमिनीत, अर्धे वर, आणि अख्ख्या ओट्याचा भार खांद्यावर घेतलेला. आम्ही त्यांच्याशेजारी तसेच उकिडवे बसून कोण जास्त वेळ टिकतो ते बघायचो.

तिथे एकदा आमच्यातल्या एकाने कोळशाने भिंतीवर नाव लिहायला घेतलं. पहारेकरी मागून आला आणि त्याचं मनगट धरलं. आम्ही सगळे गार. त्याने पंचा ओला करून दिला, ती रेघ पुसून घेतली आणि आम्हाला वर बघायला लावलं. भिंतीवर ओळीच ओळी कोरलेल्या, एक अक्षर वाचता येईना. तो म्हणाला, "हे एका आईनं आपल्या मुलाबद्दल लिहून घेतलंय. दोन हजार वर्षांपूर्वी." पुढे कॉलेजात कळलं की तो गौतमी बलश्रीचा लेख, गौतमीपुत्र सातकर्णीचे पराक्रम सांगणारा, महाराष्ट्राच्या इतिहासातला एक मोठा पुरावा. पण माझ्यासाठी ती ओळख त्या दुपारीच झाली होती. नंतर त्याच माणसाने कातळातल्या टाक्यातलं गार पाणी आम्हाला ओंजळीने पाजलं.

आमच्या वेळचं सगळंच गोड होतं असं मी म्हणत नाही. माझी बहीण माझ्याहून काटक, झाडावर माझ्याआधी चढणारी. ती दहा वर्षांची झाली आणि वाड्याचा दिंडीदरवाजा तिच्यासाठी बंद झाला. रहाड तिने गच्चीवरून पाहिली. पांडवलेणी तिने लग्नानंतर पाहिली. हा अन्याय होता आणि तो मला आजही बोचतो. गंगेनेही पोरं नेली. शेजारच्या आळीतल्या एका मुलाच्या आईचा तो आक्रोश मी विसरलेलो नाही. पण त्यानंतर मोठी माणसं आळीपाळीने घाटावर येऊन बसू लागली, पोरांना पोहायला शिकवू लागली. गंगेवर जायची बंदी कुणी घातली नाही.

आज काय आहे? मुंबई नाक्यावरून किंवा द्वारका चौकातून सायकल काढताना माझीच छाती धडधडते, लेकराला काय पाठवू? कुंडांच्या तळाला काँक्रीट घातलं, पात्रात सांडपाणी आलं, पाणवेली माजल्या. आणि रस्त्यावरच्या परक्या पोराला हटकायची कुणाची हिंमत होत नाही, कारण लगेच "तुम्ही कोण बोलणारे?" असा प्रश्न येतो. आपणच तो हक्क काढून घेतला. मग पोराकडे बघायला आई, बाप आणि मोबाइलवरचा नकाशा एवढेच उरले. तिघांनाही मूल डोळ्यांआड झालं की धास्ती वाटते.

2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी शहरात कोट्यवधींची कामं चालू आहेत. रस्ते रुंद होतील, वाहनतळ होतील. तपोवनातली झाडं तोडू नयेत म्हणून नाशिककर रस्त्यावर उतरले, तेव्हा मीही गेलो होतो, कारण ती झाडं पोरांची आहेत असं मी मानतो. या सगळ्या आराखड्यांत दहा वर्षांचं एकटं मूल कुठून चालेल, हा विचार कुणीतरी आग्रहाने मांडायला हवा. सलग फुटपाथ, शाळांभोवती गाड्यांना लगाम, पोहण्याइतकं स्वच्छ पाणी आणि घाटाच्या एका टप्प्यावर पट्टीचा पोहणारा माणूस. सिंहस्थानंतरही गाव इथेच राहणार आहे, पोरंही इथेच.

मी घरापुरती सुरुवात केली आहे. दर रविवारी माझी मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी सिटीलिंकच्या शहरबसने निमाणी स्थानकावर उतरतात, तिथून चालत गंगेवर जातात, बाजारातून एक वस्तू आणतात. सोबत मोठं कुणी नाही. वाटेवरच्या फुलवालीला, चहावाल्याला आणि घाटावरच्या दोघा-तिघांना मी आधी जाऊन भेटलो आणि हात जोडून सांगितलं: या पोरी चुकल्या तर रागवा, मी भांडायला येणार नाही. गेल्या रविवारी फुलवालीने त्यांना पाण्यात फार पुढे गेल्या म्हणून चांगलंच फैलावर घेतलं. मुलगी घरी येऊन फुरंगटून बसली होती. मी संध्याकाळी जाऊन फुलवालीचे आभार मानून आलो. तुमच्यापैकी कुणाला आपली मुलं यांच्याबरोबर पाठवायची असतील, मुली तर नक्कीच, तर मला कळवा. तुमचीही त्या लोकांशी ओळख करून देतो.