‘तिकडे ऑडियन्स नसतो’ म्हणे

आज दुपारपासून डोकं तापलंय. मशीनवर फ्लेक्स चालू आहे, गिऱ्हाईक कमी आहे, म्हणून लिहूनच टाकते.

नागपूरला डिझायनर, फोटोग्राफर, व्हिडिओवाले अशा लोकांसाठी एक व्याख्यानांचा कार्यक्रम होतो. नाव घेत नाही. पहाटेची एसटी पकडून मीही गेलेली आहे. मागच्या आठवड्यात त्यांना कळवलं, एकदा आमच्या ब्रह्मपुरीला घ्या. वाचनालयाचा हॉल फुकट मिळतो, वक्त्याचा मुक्काम माझ्या घरी, जेवण आमच्याकडे. आज उत्तर आलं : ‘मॅडम, कल्पना छान आहे, पण रूरलमध्ये या विषयाला ऑडियन्स नसतो.’

ऑडियन्स नसतो! पूर्व विदर्भातल्या आमच्या या झाडीपट्टीत!

अहो, दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईच्या रात्री नाटक लागतं. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, चारही जिल्ह्यांत. वडसा देसाईगंजच्या नाटक कंपन्या महिनोन् महिने गावं फिरतात. रात्री पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. दिवसभर धान कापून आलेला माणूस, मांडीवर लेकरू घेतलेली बाई, कानाला मफलर गुंडाळलेले म्हातारे, सगळे तिकीट काढून थंडीत बसतात आणि गाणं आवडलं तर पुन्हा म्हणायला लावतात. तुमच्या एसी हॉलमध्ये चाळीस मिनिटांनंतर अर्धे लोक मोबाईलमध्ये असतात, हे मी मागच्या रांगेत बसून पाहिलंय. आणि ऑडियन्स आमच्याकडे नाही?

मी या नाटकांची पोस्टरं करते. लग्नाच्या पत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, दुकानांच्या पाट्याही करते, पण जीव पोस्टरांत आहे. मागच्या उन्हाळ्यात सीझन संपल्यावर आम्ही काही जण सहज वाचनालयात जमलो होतो. एक लग्नाचे फोटो काढणारा, मंडप-डेकोरेशनवाले दोघे, एक पेंटर, मी, आणि नाटकाचे पडदे रंगवण्यात हयात गेलेले एक काका. कार्यक्रम असा काही नव्हताच. काका चहा पिता पिता म्हणाले, ‘पडद्यावरचा निळा लय फसवते बाप्पा.’ आणि पिशवीतून रंगवलेल्या मांजरपाटाचा एक तुकडा काढला.

आधी तो खिडकीच्या उजेडात धरला. चांदण्या रात्रीचं आकाश, पण थोडं जांभळट. मग खिडकी लावून पिवळ्या बल्बखाली नेला. तेच कापड, आणि जांभळट झाक गेली! खरी रात्र उतरली. काका म्हणाले, पिवळ्या उजेडात सरळ निळा हिरवट मरतो, म्हणून आम्ही त्यात जरा लाल अन् भरपूर पांढरा टाकतो. आता सगळीकडे एलईडी आले, तर त्यांचे जुने पडदे जांभळे दिसतात आणि लोक म्हणतात काकांचा हात गेला. ‘हात नाही गेला जी, बल्ब गेला.’

हे ऐकून फोटोवाला पोरगा ताडकन उठला. त्याचा वर्षभराचा त्रास होता, मंडपातल्या पिवळ्या लायटीत नवरीचा निळा शालू काळपट येतो आणि लोक पैसे कापतात. त्या दिवशी तो आणि काका दोन तास त्या एका तुकड्यावर बोलत बसले. कॅमेऱ्यात लायटीप्रमाणे रंग बसवायची सोय असते एवढं त्याला माहीत होतं, पण का बसवायचा, ते काकांनी कापडावर दाखवलं.

मला हवा आहे तो कार्यक्रम हा आहे. हाच.

आणि हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही. न्यूयॉर्कमध्ये टीना रॉथ आयझेनबर्ग नावाच्या डिझायनर बाईने २००८ मध्ये ‘क्रिएटिव्हमॉर्निंग्ज’ सुरू केलं. महिन्यातून एकदा, शुक्रवारी सकाळी कामावर जायच्या आधी जमायचं, नाश्ता करायचा, एकाचं बोलणं ऐकायचं, तिकीट नाही. ते आज जगभर शहराशहरांत होतं. टोकियोत २००३ मध्ये ‘पेचाकुचा’ निघालं, वीस चित्रं, प्रत्येकावर वीस सेकंद, सहा मिनिटं चाळीस सेकंदांत माणूस खाली बसलाच पाहिजे. आमच्या तालुक्यात हा नियम उद्यापासून लागू करा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, आणि ज्याचं काम ऐकायला आलो त्याला शेवटची दहा मिनिटं! अध्यक्ष तासभर बोलणार आणि त्यांनी आयुष्यात ब्रश धरलेला नसतो.

शहरातल्या वक्त्यांवरही माझा राग आहेच. ‘स्वप्नं मोठी बघा’, ‘कम्फर्ट झोन सोडा’. कोणता झोन? मे महिन्यात फ्लेक्सच्या मशीनजवळ बसून बघा, लोडशेडिंगमध्ये अर्धा फ्लेक्स वाया जातो तेव्हा. मला प्रेरणा कमी पडत नाही हो. कमी पडतं ते हे : शाई महाग झाली तर दर कसा वाढवायचा, उधारी कशी वसूल करायची, एखादं काम बिघडलं ते नेमकं कशाने बिघडलं. हे कोणी स्टेजवरून सांगत नाही. काकांनी सांगितलं, कापडाच्या एका तुकड्यावर, स्टेज नसताना.

बरं, नागपूरच्या त्याच कार्यक्रमात एका ताईंकडून मी अॅडव्हान्स घेतल्याशिवाय काम सुरू न करणं शिकले, ते नाकारत नाही. आपल्याकडे नऊची वेळ दिली की लोक साडेदहाला उगवतात, तेही खरं. पण म्हणून ऑडियन्सच नाही?

गाडगेबाबा याच विदर्भाच्या मातीतले. त्यांच्या कीर्तनात ते एकटे बोलतच नव्हते, समोरच्याला वऱ्हाडीतून सवाल टाकायचे आणि त्याच्याकडूनच उत्तर काढायचे. तुकडोजी महाराजांनी एका खंजिरीवर गावंच्या गावं प्रार्थनेला बसवली. एकत्र बसून ऐकणं आणि उलट विचारणं आम्हाला कोणी नागपूरहून येऊन शिकवायची गरज नाही. लेखक-कवींना तरी छप्पर आहे. विदर्भ साहित्य संघ १९२३ पासून आहे, २०२३ ला वर्ध्यात अखिल भारतीय संमेलन झालं. पण पडदे रंगवणारे, ऑर्गन वाजवणारे, मंडपाचे कापडी झुंबर बांधणारे यांनी कुठे बसायचं? २०२३ मध्येच आपल्या झाडीपट्टी नाटकातले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मी दुकानात पेढे वाटले. पण मला त्यांचा सत्कार बघायचा नाही, त्यांना ऐकायचंय. एवढ्या भूमिका डोक्यात कशा राहतात? प्रॉम्प्टर चुकला तर काय करतात? पहाटे तीनला आवाज कुठून आणतात?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. काकांचा चेहरा डोळ्यासमोर आला. त्या दिवशी निघताना ते मला म्हणाले होते, ‘पोरी, मले आतापर्यंत कोनी इचारलंच नाही, की तू हे कसं करतेस म्हनून.’ एवढी वर्षं त्यांचे पडदे हजारो लोकांनी पाहिले. त्यांच्याकडे आता शिकणारं कोणी नाही, पडदे प्रिंट होऊन येतात. आणि प्रिंट करणाऱ्यांमध्ये मीही आहे, म्हणून मला हे जास्त लागतं. त्यांचं रंगाचं ज्ञान माझ्या पोस्टरात उतरलंय. गावातल्या पिवळ्या दिव्याच्या खांबाखाली पोस्टर वाचता यावं म्हणून मी आता नावाची अक्षरं निळ्यात करत नाही.

तर नागपूरकरांची वाट बघणं बंद. पोळा झाला की, तालमींची गडबड सुरू व्हायच्या आत, आपण आपल्या वाचनालयात जमतोय. सकाळी आठ ते साडेनऊ, दुकानं उघडायच्या आधी. हार नाहीत, अध्यक्ष नाहीत, फोटोसाठी कोणी उभं राहणार नाही. पहिल्या वेळी आपले एक ऑर्गनवाले दादा सांगणार आहेत की सीझन अर्ध्यावर आला आणि गाणाऱ्याचा गळा बसला की पट्टी कशी उतरवून घ्यायची, प्रेक्षकाला कळू न देता. ऑर्गन घेऊनच येणार आहेत. काकाही येणार, कापडाचा तुकडा आणायला मी सांगितलंय.

नागभीड, आरमोरी, वडसा, लाखांदूर, जिथून कोणी आदल्या रात्रीच येणार असेल त्यांचा मुक्काम माझ्या घरी. तर्री-पोहे आहेत. येणाऱ्यांनी आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत फोन करा, तर्रीचे चणे रात्रीच भिजवावे लागतात.